डोमकावळ्याच्या खिंडीची उलटी बाजू

गौदेन्सिओकाका कौलं शाकारायचे. आमच्या फुएन्सेकात त्यांचा पाय लागला नाही असं छप्पर नाही. चर्चच्या मनोऱ्याच्या टोकाशी, जिथे कबुतरंसुद्धा विचार करून बसतात, तिथे पाय खाली सोडून त्यांना पाव खाताना मी स्वतः पाहिलंय. असा माणूस कशाला तरी घाबरतो असं कुणी सांगितलं असतं तर मी पोट धरून हसलो असतो. पण सांगायला आल्या होत्या त्यांच्या पत्नी, आणि ओब्दूलियाकाकूंसमोर हसायची गावात कुणाची छाती नाही.

शनिवारी दुपारी त्या माझ्या औषधाच्या दुकानात आल्या आणि दार लावून घेतलं.

"बेनिग्नो, उद्या त्याला कुठं नेताय?"

मी खोकलो. ते गुपित होतं. रविवारी काकांना सत्तर वर्षं पुरी होत होती.

आमच्या सायकल क्लबाचे मार्ग एकतीस वर्षं काकाच आखत होते. जानेवारीत वर्षाच्या सगळ्या रविवारांचा तक्ता ते पुठ्ठ्यावर काढायचे, आणि त्या तक्त्याला एक खोड होती. चढ असायचा भिंतीसारखा आणि उतार गालिच्यासारखा. डोमकावळ्याची खिंड आम्ही वर्षातून चारदा ओलांडायचो, पण दर वेळी उत्तरेकडून चढून. चौदा टक्क्यांचा चढ, एकोणीस वळणं, सावलीला एक बदामाचं झाड, तेही वाळलेलं. दक्षिणेच्या सौम्य बाजूने चढून उत्तरेला उतरायचं, असं कधीच नाही. आमचे अध्यक्ष निकासिओ पेशाने खाटीक. प्रत्येक गोष्टीचा सिद्धांत मांडायची त्याला हौस. तो म्हणायचा, "म्हातारा तो उतार मुरवत ठेवतोय. खास दिवसासाठी." तेव्हा सत्तरीनिमित्त काकांना त्यांचा लाडका उतार भेट द्यायचा, असं बावीस शहाण्यांनी एकमताने ठरवलं होतं. त्यात मीही हात वर केला होता.

"लाडका?" काकू म्हणाल्या. "अरे गाढवांनो, तो मरणाचा घाबरतो त्याला! म्हणून तुम्हाला त्या बाजूने चढवतो. चढलेली बाजू उतरावी लागत नाही, कळलं?"

माझ्या डोळ्यांसमोरून एकतीस उन्हाळे गेले.

"मग निकासिओला सांगून टाकतो."

"सांग की. उद्या गावभर होईल, आणि तो पुन्हा कुणाला तोंड दाखवणार नाही. मला तर नाहीच." त्यांनी मला शपथ घातली, मग पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "त्याला धड खाली आण. नाही आणलास तर…"

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ते रात्रभर माझ्या उशाशी बसून होतं.

रविवारी गावाबाहेरच्या धुण्याच्या हौदापाशी आम्ही नेहमी डावीकडे वळतो. निकासिओ उजवीकडे वळला. "काका, आज उलटं!" तो ओरडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सायकलवर टाळ्या वाजवणं आमच्या वयाला शोभत नाही. दोघे पडता पडता वाचले. काका हसले. मी त्यांच्या शेजारी होतो. ते हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच गोठलं.

सौम्य बाजूने चढताना जन्मात पहिल्यांदा काका मागे पडले. "वय झालं, वय!" मागून कुणीतरी ओरडलं. मी मात्र देवाला साकडं घालत होतो की माझी साखळी तुटू दे, पाऊस पडू दे, निकासिओच्या पोटात कळ येऊ दे. आभाळ निरभ्र होतं आणि निकासिओची पचनशक्ती खाटकाची.

खिंडीत वारा होता. उतरण्याआधी छातीला गारठा लागू नये म्हणून आम्ही अंगरख्याखाली वर्तमानपत्राचं एखादं पान खोचतो. काकांनी अख्खा रविवारचा अंक खोचला, छोट्या जाहिरातींसकट.

"काका," मी हळूच म्हणालो, "माझं पोट बिघडलंय. आपण दोघं आल्या वाटेनं परत जाऊ या?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना समजलं, आणि आपल्याला समजलंय हे त्यांना मला समजू द्यायचं नव्हतं. "औषधवाला तू," ते म्हणाले. "घे एक गोळी."

आमच्या क्लबात ज्याचा वाढदिवस त्याच्या चाकापुढे त्या दिवशी कुणाचं चाक जात नाही, न्याहारीच्या गावापर्यंत. गेलंच, तर पुढे वर्षभर त्याला कुणी आपल्या चाकामागे घेऊन वाऱ्याचा आडोसा देत नाही. तेव्हा काका पुढे, मागे मी, माझ्यामागे बाकीचे, असे आम्ही निघालो.

पहिल्या वळणालाच मला कळलं की हे काही खरं नाही. रस्ता पायाखालून ओढून घेतल्यासारखा खाली जात होता. उजवीकडे कठडा नाही, गवताची एक झालर आणि पलीकडे फक्त हवा. काका दोन्ही ब्रेक आवळून चालत्या माणसाच्या वेगाने जात होते. त्यांचे खांदे कानांपर्यंत आले होते. मागे एकवीस जणांचे ब्रेक किंचाळत होते, निकासिओच्या अंगणात डुक्कर कापताना ऐकू येतं तसे.

"काका, झोपलात काय?"

"पुढं शवयात्रा आहे का रे?"

मला ओरडावंसं वाटत होतं की गप्प बसा, पण शपथ होती. चौथ्या वळणावर खडी होती. काकांचं मागचं चाक घसरून दरीकडे वीतभर सरकलं आणि परत आलं. माझं हृदय मात्र तिकडेच राहिलं. आता रबर जळल्याचा वास येत होता. इतका वेळ ब्रेक दाबून रिम तापते, आणि तापलेली रिम टायरला काय करते हे मला ठाऊक होतं. मी वळणं मोजत होतो. पाच. सहा. सातव्याला बंदुकीसारखा आवाज झाला.

सायकल आडवी गेली. काका डोंगराच्या भिंतीला खांदा घासत गेले, पेडलमधून एक पाय काढला, टेकवला आणि उभे राहिले. दुसऱ्या बाजूला गेले असते तर… ते वाक्यही मी पुरं केलं नाही.

सगळे थांबले. ब्रेकही गप्प झाले.

"टायर फुटलं, त्यात काय!" निकासिओ नवी ट्यूब काढत पुढे आला. "दोन मिनिटांत बसवतो, काका."

"बसवू नकोस."

"का?"

काका भिंतीला चिकटून उभे होते. तोंड राखेसारखं झालं होतं. "मला भीती वाटते," ते म्हणाले. "एकतीस वर्षं वाटतेय. छप्पर जागचं हलत नाही रे. हा रस्ता पळतो."

 काका जमिनीकडे बघत राहिले.

निकासिओ मनात काहीतरी जुळवत होता. ते त्याच्या चेहऱ्यावर नेहमी दिसतं.

"म्हणजे ही चढण… भर ऑगस्टात…"

"हो."

"मला दोनदा ओकारी झाली होती इथं! माझ्या मुलाच्या बारशाच्या दिवशी!"

"ठाऊक आहे. माफ कर."

"माफ?" निकासिओने ट्यूब रागारागाने खिशात कोंबली. मग तो सायकलवरून उतरला आणि वळून ओरडला, "बघताय काय? उतरा खाली! काकांच्या पुढं जायचं नाही, विसरलात?"

आमच्या बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकवायची खुंटी असते. ती घालून चौदा टक्के उतार चालणं म्हणजे बदकाने जिन्यावरून नवरीसारखं उतरणं. बारा वळणं आम्ही तसे गेलो, खटखट खटखट, काकांच्या मागे. दिवसभरात रक्त एकाचंच सांडलं. अकराव्या वळणावर अध्यक्ष घसरून बसले आणि गुडघा फोडून घेतला.

न्याहारीच्या खानावळीपाशी ओब्दूलियाकाकू रस्त्यात उभ्या होत्या. घरी राहवेना म्हणून गाडी काढून आल्या होत्या आणि आम्हाला पोचायला दीड तास उशीर झाला होता. त्यांनी आधी काकांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मी नाही," मी घाईने म्हणालो. "त्यांनी स्वतःच सांगितलं."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

त्या खानावळीच्या पायरीवर बसल्या. मग निकासिओच्या गुडघ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि याला काय झालं?"

"चालताना पडलो," निकासिओ म्हणाला.

आत टेबलावर पाव, लसणीत परतलेलं मांस, ऑलिव्ह आणि वाइन मांडलेली होती. सगळे एकदम बोलत होते. कुणी पाठदुखीचा जाब विचारत होतं, कुणी पोटरीत आलेल्या गोळ्यांचा. काका काही खात नव्हते. त्यांच्या हातात सुरी स्थिर राहत नव्हती, बशीवर टकटक वाजत होती.

"चौदा टक्के," निकासिओ त्यांच्या शेजारी बसून गुरगुरला. "ऑगस्टात. हे मी मेल्यावरही विसरणार नाही, म्हाताऱ्या." आणि काकांच्या हातातली सुरी काढून घेऊन त्याने त्यांच्या पावाचे छोटे छोटे तुकडे करायला सुरुवात केली.