दातांच्या दवाखान्यातले सुलतान

जुनी नाणी जमवणाऱ्याकडं नाणी थोडी आणि किस्से ढीगभर! नाणं डबीत टाकलं की गप्प पडतं; किस्सा काही गप्प बसत नाही.

अंबाजोगाईत आमची चौकडी दर रविवारी डॉक्टरांच्या दातांच्या दवाखान्यात जमायची. त्यांच्याकडं लख्ख दिवा आणि भिंग होतं. काझी सर उर्दू शाळेतून रिटायर झालेले. नाण्यावरची फारसी अक्षरं तेच लावायचे. बप्पा जवळच्याच खेड्यातले शेतकरी. नांगराखाली एखादं तांब्याचं नाणं निघालं की खिशात घालून घेऊन यायचे. मी कॉलेजात इतिहास शिकवलेला, म्हणजे नुसतं बोलायचं काम माझं!

*

एकदा डॉक्टर निजामशाही नाण्यावर वाकले होते. दवाखाना बंद, पण दार उघडं. गाल सुजलेला एक गडी आत येऊन मुकाट्यानं खुर्चीत बसला. डॉक्टर मान वर न करता आम्हाला सांगत होते, "वरून झिजलंय, कड तुटलीय, पण माल अस्सल जुना. किंमत बरी येईल!"

गडी ताडकन उठला. "डॉक्टर, दाढ उपटायचीय, इकायची न्हाई!"

*

बहमनी नाण्यांची एक गंमत असते. ठसा मोठा, नाणं लहान. निम्मी अक्षरं नाण्याबाहेरच जातात. काझी सर भिंग लावून वाचत होते, "सुलतान... बिन... सुलतान..."

बप्पा टेकीला आले. "आवो सर, बाप सुलतान, पोरगा सुलतान, पण नाव काय त्याचं?"

"नाव कटलं, बप्पा. पदवी तेवढी ऱ्हायली."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या आपल्या सर्टिफिकेटकडं बघितलं. "माझं तरी दुसरं काय झालंय? गावात नाव कुणाला म्हाईत हाय!"

*

बप्पांचा फोन आला, मोठं नाणं सापडलंय, अक्षरं ठळक हायेत. रविवारी आले ते तोंड पाडून. रुमालातून जे निघालं ते सोन्यासारखं चकचकीत आणि पार सपाट! शिकलेल्या लोकांपुढं न्यायचं म्हणून वहिनींनी चिंच लावून घासलं होतं.

डॉक्टर कळवळले. फोन लावून स्पीकरवर टाकला. "वहिनी, त्यावर राजाचं नाव होतं हो!"

"नाव कसलं, भावजी? मळ हुता! लई घासावं लागलं."

*

एकदा तुघलकाचं पितळी नाणं हाती आलं. चांदीच्या जागी पितळ चालवायला निघालेला तोच महंमद तुघलक. काझी सरांनी त्यावरच्या मजकुराचा अर्थ सांगितला, "जो सुलतानाचं ऐकतो, तो देवाचं ऐकतो."

मी सुलतानाच्या धोरणावर बोलायला घसा साफ केला. तेवढ्यात बप्पा म्हणाले, "नाण्यावर लिवावं लागलं, म्हंजी कुणीच ऐकत नव्हतं!"

लेक्चर तिथंच संपलं.

*

पुढं काझी सरांची नजर गेली. काचबिंदू. इलाज केले, उपयोग झाला नाही. तरी ते रविवारी यायचेच. रिक्षातून उतरून, दाराची चौकट चाचपत बाकावर येऊन बसायचे. आम्ही त्यांच्यासमोर नाणी काढणंच बंद केलं. ऊस, निवडणुका, गुडघेदुखी, असलं काहीबाही बोलत बसायचो.

एका रविवारी तेच म्हणाले, "काय वो बप्पा, तुमच्या रानात आता कायबी निघत न्हाई का?"

बप्पांनी आमच्याकडं बघितलं. नाणं त्यांच्या खिशातच होतं. त्यांनी ते सरांच्या तळहातावर ठेवलं.

सरांनी अंगठा फिरवला. उलटं केलं, पुन्हा फिरवला. मग नाकाशी नेलं. "मातीचा वास हाय अजून," म्हणाले आणि मूठ मिटली. ती उघडलीच नाही. चहा आला, तो त्यांनी दुसऱ्या हातानं घेतला. गप्पा रंगल्या, सर कितीतरी दिवसांनी खळखळून हसले. मूठ तशीच मांडीवर.

निघायच्या वेळी बप्पांनी हळूच विचारलं, "सर, कुणाचं हाय वो?"

"आजच्यापुरतं माझं," काझी सर म्हणाले.