ओलं बनियन आणि खिंडीतला फोटो

आमची बटालियन लडाखमध्ये असताना सायकल मोहिमेसाठी आठ जणांची निवड झाली. त्यांत मीही होतो, हवालदार. वाशिमजवळच्या शाळेत शिकलेला, नोकरीत असताना बाहेरून बी.ए. झालेला, घरातला पहिलाच पदवीधर. फौजेने मला जे दिलं त्याची जाणीव आहे. तरीही हे रागाने लिहितो आहे आणि तो राग लपवणार नाही.

लोकांना वाटतं, बर्फात सायकल चालवायची म्हणजे अंगावर मावेल तेवढं चढवायचं. असा माणूस पहिल्याच चढावर आतून भिजतो. आमचा सराव उलटा होता. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. चढावर जॅकेटची चेन उघडायची, उतारावर गळ्यापर्यंत लावायची. हातात आधी पातळ लोकरी मोजे, त्यावर जाड. पायमोज्यांवर प्लास्टिकची पिशवी, मग बूट. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, कारण बर्फ वरच्या बाजूने धरतो आणि बूच मोकळं राहतं.

सगळ्यांत कडक नियम बनियनचा. एक कोरडं बनियन पिशवीत गुंडाळून जॅकेटच्या आत न्यायचं. माथ्यावर पोचलं की आडोसा बघून आधी ओलं काढायचं, कोरडं घालायचं. पाणी आणि गप्पा त्यानंतर. चढावर घाम येणारच. तोच घाम उतारावरच्या वाऱ्यात माणसाला गारठवतो.

लान्स नाईक संपत घोडके माझ्या पुढे चालवायचा. लोणी काळभोरचा. उताराआधी तो छातीवर, जॅकेटखाली जुनं वर्तमानपत्र घालायचा. कागद वारा अडवतो.

"आज कुठलं पान?" मी विचारायचो.

"लग्नाच्या जाहिरातीचं, उस्ताद. त्यानंच ऊब येती. अग्रलेख लावून बघितला, सर्दी झाली."

शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही खिंडीत पोचलो. वारा जोरात होता. मोहिमेला पैसे देणाऱ्या कंपनीची माणसं गाडीने आधीच वर आली होती. सोबत बॅनर आणि कॅमेरावाला. कंपनीचे टी-शर्ट आम्हाला सकाळीच जॅकेटखाली घालायला लावले होते. घामाने तेही भिजले होते.

टीम लीडर मेजर साहेबांचा हुकूम आला. "जॅकेट उतारो. कंपनी का नाम दिखना चाहिए. थम्ब्स अप करना है, ग्लव्ह्ज भी निकालो."

"सर, पहले बनियन बदल लें?"

"दो मिनट का काम है, हवालदार. लाइन में आओ."

बॅनर वाऱ्याने दोनदा सुटला. मग कॅमेऱ्याची बॅटरी थंडीने बंद पडली. कॅमेरावाल्याने ती काढून आपल्या जाडजूड जॅकेटच्या आत, काखेत धरली. बॅटरी गरम होईपर्यंत आठ माणसं ओल्या टी-शर्टवर, उघड्या हातांनी उभी राहिली. त्या खिंडीत थंडीपासून कुणाला जपलं असेल, तर त्या बॅटरीला.

फोटो झाला. उशीर झाला होता, म्हणून लगेच खाली निघायचा हुकूम झाला. बनियन बदलायला सवड मिळाली नाही, ओल्यावरच जॅकेट चढवलं. संपत माझ्याजवळ आला. ओठ निळे पडले होते.

"उस्ताद, हात हायेत का न्हाईत, कळंना झालंय."

मी मेजर साहेबांकडे गेलो. "सर, संपत को गाडी में बिठाइए."

"नीचे रिसेप्शन है. आठों सायकल पर दिखने चाहिए."

दुसऱ्या मोठ्या वळणावर संपतची सायकल वळली नाही. ब्रेकचा आवाज आला नाही. तो कडेच्या दगडांवरून सरळ खाली गेला. एक वायरलेस सेट माझ्याकडे होता, दुसरा मेजर साहेबांकडे.

"वन, दिस इज टू. एक सायकल खाई में. ओव्हर."

"टू, कौन? ओव्हर."

"संपत. ओव्हर."

सेट खरखरला. मग, "टू, बाकी सब को गाडी में बिठाओ. ओव्हर."

आम्ही दोर लावून उतरलो. तो गेला होता.

श्रद्धांजलीच्या भाषणात सांगितलं गेलं की सायकल बर्फावरून घसरली. त्या वळणावर बर्फ नव्हता. कोरडं डांबर होतं. मी चौकशीत तसं सांगितलं. "नोट कर लिया," एवढंच उत्तर मिळालं.

लोणीला त्याच्या घरी गेलो, तेव्हा वडिलांनी विचारलं, "बर्फावरनं घसरला म्हंत्यात. खरं हाय का?"

"नाही, दादा." मी सगळं सांगितलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शाळंत असल्यापास्नं सायकलवर दूध घालायचा. भर पावसात, चिखलात. घसरला म्हनलेलं मला पटतच नव्हतं."

आता मी पुण्यात राहतो. यंदा हिंजवडीतला एक सायकल ग्रुप हिवाळ्यात लडाखला निघाला. थंडीत ऊब कशी राखायची, हे सांगायला त्यांनी मला बोलावलं. मी वरचे नियम सांगितले. सगळ्यांनी मोबाइलवर टिपून घेतले. मग अनिकेत, त्यांचा आयोजक, म्हणाला, "सर, एकच ॲड करतो. टॉपला जॅकेट काढून जर्सीत ग्रुप फोटो मस्ट आहे. स्पॉन्सर्स आहेत ना. दोन मिनिटं, मॅक्स."

माझं डोकं फिरलं. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ मागवला, बादलीत पाणी घेतलं. "घाला दोन्ही हात."

"अहो सर, काय हे!"

"दोनच मिनिटं. मॅक्स."

सगळे हसले. "अनिकेत, स्माइल कर!" एक मुलगी ओरडली. थोड्याच वेळात तो हात काढू लागला.

"थांबा. बॅनर सुटलाय," मी म्हणालो. मग म्हणालो, "थांबा. बॅटरी गेली."

शेवटी त्याला सायकलपाशी नेलं, मागचं चाक उचलून जोरात फिरवलं. "दाबा ब्रेक."

त्याची बोटं लिव्हरवर नुसतीच टेकली. चाक फिरत राहिलं.

"आता पुढे वळण आहे," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. मग मी त्यांना संपतबद्दल सांगितलं. त्या मुलीने अनिकेतला टॉवेल आणि गरम चहा आणून दिला. तो पेला दोन्ही तळव्यांत धरून बसला. "फोटो कॅन्सल," तो हळूच म्हणाला.

लान्स नाईक संपत घोडके खिंडीत उभा होता, तेव्हा त्याच्यापासून दहा पावलांवर गाडी होती. इंजिन चालू होतं. आतला हीटरही चालू होता. त्याला फक्त आत बसू दिलं नाही.