जावयाच्या देखत

आईचं पोट उघडून आतड्याचा पीळ सोडवला, तेव्हा मी घरी अंगभर कांजिण्या घेऊन बसले होते. छत्तिसाव्या वर्षी कांजिण्या होणं हा विनोदच, पण हॉस्पिटलवाल्यांना तो पटला नाही. त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. बाबा आता नाहीत, मला भाऊ-बहीण नाही. राहता राहिले आमचे हे. म्हणून आईच्या उशाशी जावई बसला आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

आई निवृत्त होईपर्यंत मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. मुलींनी जिन्यात धावायचं नाही, जेवताना तोंडाचा आवाज करायचा नाही, जांभई आली तर तोंडावर हात ठेवायचा. स्वतःही तशीच. तिला घोरताना कधी ऐकलं नाही, असं बाबा कौतुकाने सांगायचे. मला वाटतं, ती त्यांच्या आधी झोपतच नसावी.

हे चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतात. दिवसभर यंत्राशी गाठ, त्यामुळे मुळातच कमी असलेलं बोलणं आणखी आटलेलं. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, पण सासू-जावई एकमेकांशी थेट बोललेले मी पाहिले नव्हते. हे समोर खुर्चीत असले तरी आई मला म्हणायची, त्यांना विचार, चहा घेणार का. हे मला म्हणायचे, आईंना सांग, अर्धाच कप. मी मध्ये उभी राहून टपाल पोचवायचे. भांडण नव्हतं. उलट आदर होता, आणि तोही नको इतका.

ऑपरेशननंतर आईच्या नाकात नळी, हाताला सलाईन आणि तोंडाने पाण्याचा थेंब नाही. वर डॉक्टरांची अट एकच, गॅस सुटला पाहिजे. तो सुटला की आतडी कामाला लागली असं समजायचं. मग पाणी, मग चहा, मग घर. त्या वॉर्डात दुसरा विषयच नव्हता. कोणाचा सुटला की शेजारणी तिचं अभिनंदन करायच्या आणि नातेवाईक गावभर फोन करायचे. सिस्टर दारातूनच ओरडून विचारायची, "आजी, गॅस पास झाला का?" आणि आजीच्या उशाशी, स्टुलावर, ताठ बसलेला जावई.

आई म्हणायची, नाही.

आधी ते खरंच होतं. मग तिसऱ्या दिवशी दुपारी झाला. तेव्हा हे तोंडावर पेपर धरून डुलक्या काढत होते, असं आईला वाटलं. हे जागे होते. ऐकल्यावर त्यांनी पेपर आणखी जरा वर घेतला आणि बराच वेळ खाली आणला नाही. ही गोष्ट मी पुढे त्यांच्याकडून खोदून खोदून काढली. संध्याकाळी सिस्टरने विचारलं, आई नाही म्हणाली आणि हे खिडकीबाहेर बघत राहिले.

तुम्ही म्हणाल, जावई उठून गेल्यावर सिस्टरच्या कानात सांगायचं. पण तो उठतच नव्हता. आईला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, असा दम मीच भरला होता, आणि आमचे हे म्हणजे आज्ञाधारक माणूस. पाव-बिस्किटंसुद्धा स्टुलावरच खायचे. मी फोन केला तर आईच्या कानाशी फोन धरणारेही तेच. शिवाय एकदा दिलेलं उत्तर रेक्टरबाईंनी फिरवल्याचं आजवर कोणी पाहिलेलं नव्हतं. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे ती त्याच्याही पुढे निघाली होती.

चौथ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी पोट दाबून पाहिलं, फुगलेलं वाटलं. एक्स-रेच्या फोटोतून नीट काही कळत नव्हतं आणि पेशंट तर नाहीच म्हणत होती. ते यांना पलंगाच्या पायथ्याशी घेऊन गेले. संध्याकाळी पोट पुन्हा उघडून बघावं लागेल, म्हणाले. वय एकाहत्तर, पहिल्या वेळीच हृदयाने त्रास दिलेला, या वेळी काही खात्री देता येत नाही. तुमची परवानगी हवी.

आईला सगळं ऐकू येत होतं. तिने डोळे मिटून घेतले. ही बाई मुकाट्याने पोट फाडून घ्यायला निघाली होती, पण जावयादेखत तो एक शब्द बोलायला तयार नव्हती. मला आजही तिचा राग येतो.

हे वळले आणि उशाशी जाऊन उभे राहिले.

"आई," ते म्हणाले, "काल दुपारीच झालंय. मी ऐकलंय."

शेजारच्या पलंगावरची बाई संत्रं सोलता सोलता थांबली. डॉक्टरांनी आईला विचारलं, हे खरं का. आईने छताकडे बघतच होकाराची मान हलवली. किती वेळा, डॉक्टरांनी विचारलं. आईने दोन बोटं वर केली.

"चार," हे म्हणाले.

डॉक्टरांनी पोटाला स्टेथोस्कोप लावून पुन्हा नीट ऐकलं. संध्याकाळचं ऑपरेशन नको म्हणाले, चमच्याने पाणी द्यायला सांगितलं आणि घाईघाईने वॉर्डाबाहेर गेले. बाहेर जाऊन भिंतीला टेकून हसले, असं वॉर्डातल्या मावशी सांगतात. पुढचंही त्यांनीच सांगितलं, कारण या दोघांपैकी एकजण तोंड उघडेल तर शपथ.

सिस्टरने वाटी-चमचा यांच्या हातात दिला. काच घासताना हा हात केसभर हलत नाही. पहिला चमचा आईच्या हनुवटीवरच सांडला. यांची आई हे लहान असतानाच गेली. आता ही दुसरीही जायची वेळ आली होती, केवळ हे सभ्यपणे गप्प बसले म्हणून. चमचा हातात तसाच धरून हे भर वॉर्डात रडायला लागले.

आईने मान वळवली आणि त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"आधी पाणी पाजा," ती म्हणाली. "आणि रडताय कशाला? लाज माझी गेलीय, तुमची नाही."