मोजणीपुरती माणसं

"ए, लांब हुबी ऱ्हा. साहेबाला दिसलीस म्हंजी झालं."

सरपंच बोलला हे. माज्या तोंडापुढं काठी नाचवत, भर चावडीपुढं. सरकारी मोटारखात्याचा साहेब आला व्हता. आमच्या गावावरनं चाकण-पिंपरी गाडी सोडायची, तर उतारू किती मिळत्याल ते बघायला. गावची डोकी कमी पडली. मग आठवला आमचा महारवाडा! एरवी आमची सावली नको. त्या दिवशी मातर म्हातारीकोतारीसुद्धा आना म्हनले. आमी येडे, गेलो. उन्हात हुबं ऱ्हायलो. साहेबानं लांबूनच बोट फिरवून मोजलं, आन् गाडी मंजूर झाली.

थांबा कुठं? तर चावडीच्या पारापाशी. तिथं आमाला बंदी. कायद्यानं शिवाशिव संपली म्हनं! कायदा ऱ्हायला तालुक्याला, गावात सरपंच. आमी वेशीबाहेर हुबं ऱ्हायचं, आन् कंडक्टर वरडायचा, "हितं थांबा न्हाई." गाडी धूळ उडवीत निघून जायाची.

पिंपरीला तवा कारखान्याचं बांधकाम चाललं व्हतं. मी खडी फोडायला जायाची, चार कोस चालत. उशीर झाला की मुकादम हजेरी लावायचा न्हाई. एक दिवस गाडीमागं पळाले. पडले. गुडघं फुटलं. सरपंच खिडकीतनं वरडला, "डायवर, पळव अजून! ह्यांच्या पायाला सवय हाय." समदी गाडी हसली. बाया पन हसल्या. त्या बायांचा राग अजून जात न्हाई माजा.

त्या दिवशी मुकादम म्हनला, "आता येकदा उशीर कर, नावच काढतो."

काही महिन्यांनी साहेब परत येनार व्हता. उतारू कमी, गाडी ठिवायची का न्हाई ते ठरवायला. सरपंच सवता आमच्यात आला. "उद्या समदी चावडीवर या. गाडी बंद झाली तर ती तुमालाबी मिळायची न्हाई."

नवरा म्हनला, "जाऊ की. नुसतं हुबं ऱ्हायाला काय जातंय?"

"लाज जाती," म्हनले.

रात सरायच्या आत दारोदार फिरले. सकाळी कुनी गेलं न्हाई. मी येकटी गेले, सरळ साहेबापुढं. "साहेब, मागं मोजलेली आमची डोकी खोडा. आमाला गाडीत कुनी चढू देत न्हाई."

"खोटारडी!" सरपंच वरडला.

"मग येऊ का पारावर, हे समदे बसल्यात तिथं?"

पारावरचं कुनी सरकलं न्हाई. साहेबानं बघितलं. कागदावर आडवी रेघ मारली.

गाडी बंद झाली. त्या सकाळच्या उशिरापायी माजं बी काम गेलं, मुकादमानं नाव काढलं. गावानं मला शिव्या घातल्या. घरच्यांनी बी घातल्या.

पेरनीचं दिस व्हतं, बैलं शेतात गुतलेली. चाकणच्या वाटंला सरपंच गाठ पडला. पायी. घामानं निथळत.

"तुज्यामुळं गाडी गेली, सटवे!"

"व्हय," म्हनले. "माज्यामुळंच गेली. परत पायजे तर आमच्या वाड्यापाशी थांबा मागून घ्या. तवर चाला."