लाल चिंध्या

ग्लेंडा कोलबर्न माझी आत्या. एकतीस वर्षं तिनं गावच्या शाळेची बस चालवली आणि व्हरमाँटच्या बर्फात एकदाही खड्ड्यात घातली नाही. लग्न केलं नाही. चढावरचं आजोबांचं मॅपलचं रान तिच्या आणि माझ्या बाबांच्या सामाईक नावावर आहे. खोडांना भोकं पाडून गोड रस काढायचा आणि तो आटवून पाक करायचा, हा घरचा धंदा. लोक तिला तिरसट म्हणतात. मीही म्हणायचे. यंदाच्या मार्चपासून म्हणत नाही.

गेल्या जूनमध्ये सुरवंट आले. आठवड्याभरात रान भर उन्हाळ्यात जानेवारीसारखं उघडं पडलं. जुलैत पुन्हा पालवी फुटली. पानं लहान, फिकट, पण हिरवी. बाबा खूश.

"बघ ताई, सावरली की नाही झाडं? तू उगाच सुतक धरून बसली होतीस."

"सावरली नाहीत वेन, पेरायचं बी दळून खाल्लंय त्यांनी," आत्या म्हणाली. "नवी पानं काय हवेतून आणली? मुळात आणि खोडात साठवलेलं पीठ उपसून आणली. आणि आता पाऊसही नाही. ते परत भरायचं कधी? त्याच साठ्याचा फेब्रुवारी-मार्चमध्ये रस होतो. तोही तू काढणार, मग झाडानं मे महिन्यात फुटायचं कशावर?"

हे ती पुस्तकातलं बोलत नव्हती. ती बावीस वर्षांची असताना असेच सुरवंट आले होते. आजोबांनी दुसरी पालवी पाहिली, झाडं बरी झाली म्हणाले आणि रसासाठी खोडांत तोट्या ठोकल्या. तीन वर्षांत शंभरावर झाडं शेंड्याकडून वाळत आली. बाबा तेव्हा फौजेत होते. ते परतले तेव्हा त्यांना फक्त रचलेलं सरपण दिसलं. वाळताना पाहिली ती आत्यानं.

आमच्याकडे सगळेच ही चूक करतात. मला तर कळायला हवं होतं. माझी टेस सहा वर्षांची आहे. तिचा ताप उतरला की सगळे म्हणतात, झाली बरी. पण पुढं दोन महिने तिच्या अंगावर मांस चढत नाही आणि साध्या सर्दीतही मी तिला घरीच ठेवते. तरी जुलैतली हिरवी पानं पाहून मीही म्हटलंच होतं, "आत्या, जाऊ दे ना आता."

पानगळ झाल्यावर, जमीन गोठायच्या आत, आत्यानं परीक्षा घेतली. विद्यापीठातल्या एका माणसानं त्या जुन्या साथीत शिकवलेली. बुंध्यालगत खणायचं, पेन्सिलीएवढ्या मुळाचा तुकडा कापायचा, त्यावर आयोडीनचा थेंब टाकायचा. साठा असला तर काप काळाभोर होतो. नसला तर गवताच्या काडीसारखा पिवळाच राहतो. मी तिच्यासोबत होते. एकामागून एक पिवळे काप. रिकाम्या प्रत्येक झाडाला तिनं जुन्या लाल फ्लॅनेलच्या झग्याची चिंधी बांधली. निम्मं रान लाल झालं.

"चिंधीवाल्या झाडाला गिरमिट लावायचं नाही. शब्द दे."

"दिला बाई, दिला," बाबा म्हणाले.

जानेवारीत तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चढ चढायची बंदी.

मार्चमध्ये पहिला रस आटला की शेजाऱ्यांना भट्टीच्या शेडमध्ये बोलवायची आमच्याकडे रीत आहे. बर्फावर गरम पाक ओतायचा, चिवट झाला की खायचा, तोंडाला मिठी बसली की आंबट काकडी चावायची. आत्याही काठी टेकत आली होती.

"वेन, लाकडं संपली तुझी, पण पाक काही होईना," शेजारचा ऑर्विल म्हणाला. "नदीचं पाणी आटवतोयस का रे?"

सगळे हसले. बाबाही हसले. मला म्हणाले, "काकड्या काप. चाकू माझ्या कोटात आहे."

मी खिशात हात घातला. चाकूबरोबर खिसाभर लाल चिंध्या बाहेर आल्या. वाऱ्यानं सुटलेल्या नव्हत्या. सरळ पात्यानं कापलेल्या होत्या.

आत्या चढ चढू शकत नाही, हे धरून त्यांनी त्या झाडांनाही तोट्या ठोकल्या होत्या. माझे वडील! मी चिंध्या काकडीच्या ताटाशेजारी आपटल्या.

"बाबा, हे काय?"

बाबा म्हणाले, "हिरवी होती गं ती. सगळ्यांनी पाहिली होती."

"हिरवी होती!" आत्याचा आवाज फाटला. "मुळं पिवळी होती, गाढवा! पाणचट रस तुझ्या जिभेला कळला नाही? ऑर्विलला कळला! रिकाम्या कणगीला नळी लावून चोखतोयस तू."

तिनं ताटाशेजारच्या चिंध्या खिशात कोंबल्या, उठली आणि बर्फात चालायला लागली. मी पक्कड घेऊन मागे. चढाच्या पायथ्याशी ती थांबली, तिथून पुढं तिला जाता येईना. तिनं काठीनं दाखवायला सुरुवात केली. चिंध्या नव्हत्या, पण तिला प्रत्येक झाड पाठ होतं.

"खडकाजवळची जुळी. डावं नाही, उजवं. ओढ!"

मी तोटी उपसली. प्रत्येक तोटीची निळी नळी खाली शेडपर्यंत जाते आणि तिथला पंप रस ओढून घेतो.

"बूच लावू का नळीला?"

"नको. पंप बोंबलू दे त्याचा!"

निळ्या नळ्यांतून हवा सूं सूं करत आत जायला लागली. दहा-बारा तोट्या निघाल्यावर खाली पंपाचा आवाज बदलला, घरघरला. बाबा धावत वर येतील, भांडतील, म्हणून मी दात आवळून तयार होते. माझ्या मनात त्यांच्यासाठी असे शब्द होते जे लेकीनं बापाला बोलू नयेत.

बाबांनी पंप बंद केला.

मग हळूहळू चढाच्या पायथ्याशी आले. आत्यानं खिशातून चिंध्यांचा बोळा काढून त्यांच्या छातीवर दाबला.

"तोट्यांची भोकं बुजवायलाही आता झाडांना शिल्लकच मोडावी लागणार. तू कापल्यास, तूच बांध."

पण कुठली चिंधी कुठल्या झाडाची, हे त्यांना कुठं ठाऊक होतं? कापताना त्यांनी झाडांकडे पाहिलंच नव्हतं. संध्याकाळपर्यंत ते गुडघाभर बर्फात एकेका झाडापाशी उभे राहून खाली ओरडत होते.

"ताई, हे का?"

"नाही. त्याच्या मागचं."

"हे?"

"हो. आणि गाठ नीट मार."