वहिनीच्या नाकातले पहारेकरी

माझी वहिनी ड्रायव्हिंग शिकवते. बंद गाडीत शेजारी कोणीतरी अनोळखी, घामाघूम माणूस आणि हिच्या पायाखाली शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक. सवय इतकी, की घरी मी जरा मोठ्याने बोलले तरी तिचा पाय जमिनीवर दाबला जातो. मी मोठ्यानेच बोलते.

माझ्या भावाच्या, म्हणजे दादाच्या पोटात माझी किडनी आहे. त्याच्या शरीराने ती परकी म्हणून हाकलू नये, यासाठी गोळ्यांनी त्याची प्रतिकारशक्ती झोपवून ठेवलीय. त्यामुळे लसही त्याला फारशी लागू पडली नाही. कोरोना झाला तर त्याची धडगत नव्हती, आणि कोरोना घरात येणार कोणाबरोबर, तर वहिनीबरोबर. म्हणून ती बाहेरच्या खोलीत झोपायची, दाराशी बसून जेवायची, दादाशी भांडायची तीही मास्कमधून.

मग हॉस्पिटलात नाकात मारायच्या एका नव्या फवाऱ्याची चाचणी निघाली, आणि वहिनीने तिच्यात नाव नोंदवलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "लस शरीराला एका शत्रूचा चेहरा शिकवते. पण आपल्याकडे जन्मापासूनचे पहारेकरीही असतात. ते ओळखपाळख बघत नाहीत, परका दिसला की धरतात. कोरोना त्यांना गुंगारा देतो, म्हणून फवारा त्यांना आधीच जागं करतो. मात्र निम्म्या लोकांना नुसतं खारं पाणी मिळेल. कोणाला काय, ते आम्हालाही कळणार नाही. तेव्हा काळजी घेणं सोडू नका, आणि बाटली दुसऱ्या कोणाला देऊ नका." वहिनीने मान डोलावली. मान डोलवायला तिचं काय जातंय!

पहिल्या फवाऱ्यानंतर तिला हुडहुडी भरली, अंग कसकसलं. "जागे झाले मेले!" म्हणत ती घरभर फिरली. आपल्याला औषधच मिळालंय, यावर तिने स्वतःच शिक्कामोर्तब केलं. मास्क खुंटीला लागला, गादी आत गेली. दादाचा चेहरा असा खुलला की मीसुद्धा गप्प बसले.

एका सकाळी त्यांच्याकडे गेले तर दादा मान मागे टाकून बसलेला आणि ही त्याच्या नाकात फवारा मारतेय.

"चार दिवस झाले देतेय," ती म्हणाली. "मला एवढा मानवला, मग यांना नको?"

"अगं बये! त्याचे पहारेकरी उठले तर पहिली माझी किडनीच धरतील!"

तिच्या हातातून बाटली पडली. मी ती उचलली, दोघांना रिक्षात कोंबलं आणि हॉस्पिटल गाठलं. दादाचं रक्त घेतलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला चांगलंच फैलावर घेतलं, मग वरिष्ठांना फोन करून त्या बाटलीत काय आहे ते उघड करायला लावलं. दुपारी आत बोलावलं. किडनी ठणठणीत होती. बाटलीत खारं पाणी होतं.

दादा खो-खो हसत सुटला. वहिनी मात्र हमसून हमसून रडायला लागली.

"अगं, वाचला ना तो! आता कशाला रडतेस?" मी ओरडले.

"पाणीच होतं," ती म्हणाली. "म्हणजे इतके दिवस मी यांच्या कुशीत तशीच, बिनपहाऱ्याची झोपत होते."

दादाचं हसू थांबलं. घरी आल्या आल्या तिने मास्क लावला आणि आपली गादी बाहेर ओढायला घेतली. दादाने दुसरं टोक धरलं. मला वाटलं, उचलू लागतोय. तो सोडतच नव्हता.