परडीतून आलेले देव

तुळजापूर सोडायचं ठरलं तेव्हा मी आईवर, म्हणजे भवानीवर, मनातून रुसले होते. तिच्या गावात इतकी वर्षं राहिलो, मंगळवार कधी चुकवला नाही, आणि ऐन वेळी तिने माझं घर दोन मुलुखांत वाटून टाकलं. आमचे हे निजामाच्या शाळेत मास्तर होते. इंग्रजांच्या मुलुखात, सोलापूरच्या शाळेत त्यांना जागा मिळाली. पण वरून सुटकेची मंजुरी आल्याशिवाय त्यांना हद्द ओलांडता येईना. इकडे जुन्या घरात नवे भाडेकरू येऊन ठेपलेले. शेवटी ठरलं, की मी सामान घेऊन पुढे जायचं आणि ह्यांनी मंजुरीची वाट पाहत मित्राच्या ओसरीवर पडायचं. मंजुरी नाकारतात असंही कानावर येत होतं. तो विचार आला की माझ्या हातून भांडी पडत.

आमच्यात घर हलवताना देव ज्वारीत ठेवतात. धान्यात बसले की त्यांना रोजची पूजा, नैवेद्य लागत नाही. नव्या घरी पोचल्यावर नवराबायकोने जोडीने हात घालून त्यांना बाहेर काढायचं. सासूबाई सांगायच्या, "एकटीनं काढू नये हो, घर एकटीचंच होतं." म्हणून भवानीचा आणि खंडोबाचा टाक, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा मी डब्यात ठेवली. तेवढ्यासाठी ओंजळभर ज्वारी पुरली असती. पण माझा संसारी स्वभाव! देवही बसतील आणि महिन्याच्या भाकरीही सुटतील, म्हणून मी मोठा पत्र्याचा डबा गळ्यापर्यंत भरला.

हद्दीवरच्या नाक्यावर तेच नडलं. पाऊस हुकल्यामुळे त्या साली निजामाच्या हद्दीतून धान्य बाहेर न्यायला बंदी होती. कारकून माणूस वाईट नव्हता. पाट, पाळणा, हंडे सगळं त्याने जाऊ दिलं, पण डबा उघडला आणि मान हलवली. "अनाज नै जाता बाई, हुकूम है." तळाशी देव आहेत म्हटल्यावर त्याने हात जोडले आणि म्हणाला, "देव निकाल लो, अनाज यहीं रहने दो."

त्याचं काही चुकत नव्हतं. पण माझा हात डब्यात जाईना. एकटीने देव काढले तर हे येणारच नाहीत, असं मनाने घेतलं होतं. भर उन्हात, गाडीवान चाचांसमोर, परक्या माणसांसमोर, "एकटीनं काढायचे नसतात हो," म्हणत मी डब्याला मिठी मारून रडले. "आई, तूच आता काय ते कर," एवढंच मनात आलं. त्यात रुसवा नव्हता, हट्ट नव्हता. मी फक्त दमले होते.

तेवढ्यात तुळजापूरकडून चालत आलेली एक आराधीण माझ्यापाशी थांबली. गळ्यात कवड्यांची माळ, हातात जोगव्याची परडी. चाचांनी तिला सगळं सांगितलं. ती हसली.

"रडतीस कशाला गं बया? मला जोगवा वाढ की! तळाची जुंधळं देवासकट हितं वत माझ्या परडीत. तुजा हात बी लागायचा न्हाय." मग कारकुनाकडे वळून म्हणाली, "आईच्या जोगव्याला कुटला आलाय हुकूम, व्हय ओ सायेब?"

कारकून क्षणभर घुटमळला. "जोगवा है तो जाने दो," म्हणाला आणि दुसऱ्या गाडीकडे गेला. चाचांनी वरची ज्वारी घोंगडीवर ओतली. ती नाक्यावरच राहिली, थोडी त्यांच्या बैलांनी सार्थकी लावली. तळची ज्वारी, देव पोटात घेऊन, परडीत उतरली. आराधीण परडी डोक्यावर घेऊन पुढे, मागून आमची गाडी, अशी आम्ही हद्द ओलांडली. पलीकडच्या लिंबाखाली तिने सगळं माझ्या ओटीत ओतलं आणि कपाळाला कुंकू लावलं.

"मालक येत्याल. तिच्यावर सोडलंस न्हवं? मग सारकं वढून घिऊ नगंस."

मी ओटी सावरून वर पाहिलं तोवर ती रस्त्याला लागली होती.

सोलापुरात मी देव तसेच, ज्वारीतच, कोनाड्यात ठेवले. रोज समोर दिवा लावायची, पण मागायची काही नाही. मागायला तोंड उघडलं की आराधिणीचं बोलणं आठवायचं. तुळशीचं रोप नव्या अंगणात धरलं, चुलीला पोतेरं देऊन देऊन ती घरची वाटू लागली, आणि एका सकाळी हे वळकटी खांद्यावर टाकून दारात उभे राहिले. मंजुरी कशी आली, कोणी शब्द टाकला, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

पायावर पाणी घेऊन आम्ही जोडीने ज्वारीत हात घातला. टाक निघाले, बाळकृष्ण निघाला, अन्नपूर्णा निघाली. शेवटी ह्यांच्या हाताला एक कवडी लागली. "ही आपली नाही," हे म्हणाले. मी म्हटलं, "आपलीच आहे," आणि ती भवानीच्या टाकाशेजारी ठेवली.

ती परत द्यायला मी पुढे कितीदा तुळजापूरला गेले, पण ती बाई काही भेटली नाही. कवडी देवातच आहे. दारात जोगव्याची हाक आली की मी हातातलं काम टाकून उठते आणि ओंजळ भरून वाढते. वाढताना परडीकडे बघत राहते. एवढ्याशा परडीत एकदा माझं सगळं घर मावलं होतं.